इर्माच्या ओट्यावरचा भोपळा

मी इर्माचा भोपळा. वेलीवरून उतरवून, वाळवून, पोखरून झाल्यापासून माझ्या पोटात येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या चहाचा, कडू पाला अन् गरम पाणी. मोंतेविदेओच्या आमच्या गल्लीत मला हातोहात फिरवतात, एकाच नळीने सगळे पितात. त्यामुळे कोणाच्या तोंडाला कसला वास, कोणाच्या घरात कसली धुसफूस, मला पत्ता लागतोच. भोचक म्हणा हवं तर.

इर्मा मला रोज धुऊन उन्हात वाळवायची. गेली बिचारी. मग तिच्या बहिणीने, नेलिदाने मला तसंच जपलं.

मागच्या महिन्यात इर्माचा लेक लेआंद्रो कॅमेरा घेऊन आला. आईवर सिनेमा काढणार, आईचं काम मावशीनेच करायचं. म्हणाला, "खरं आयुष्य दाखवायचंय मावशी. अगदी जवळून."

म्हणजे काय, ते लगेच कळलं. पठ्ठ्याने लख्ख ओट्यावर तेलकट काजळी फासली. माझ्यातला ओला पाला चार दिवस काढू दिला नाही. हिरवी, केसाळ बुरशी आली मला! शी! माझीच मला किळस वाटायची.

"अरे, तुझी आई गरीब होती, गलिच्छ नव्हती," नेलिदा म्हणाली. "गल्ली काय म्हणेल तिला?"

"धुतलेली गरिबी पडद्यावर खोटी वाटते, मावशी."

त्याने कॅमेरा नेलिदाच्या नाकाला टेकेल इतका जवळ नेला. तिने माझ्यात पाणी ओतलं. आमच्याकडे पहिला, सगळ्यात कडू घोट पाणी ओतणारी स्वतः पिते. तो दुसऱ्याला देणं म्हणजे तोंडावर अपमान. तिने मला सरळ लेआंद्रोपुढे धरलं.

"घे. पी."

"हे संवादात नाही, मावशी."

"खरं हवंय ना? मग पी की! तुझ्या आईने हेच पाजलं ना तुला?"

त्याने नळी ओठांशी नेली मात्र, पोटातून उमासा आला. डोळे पाण्याने भरले. तोंड पुसत पुटपुटला, "आई हा भोपळा रोज धुवायची."

"मग ते दाखव की, मेल्या!"

त्याने ओटा स्वतः घासला. मलाही नळाखाली धरलं. पण बुरशी सालीत मुरली होती. आता माझ्यातून कोणी पीत नाही. खिडकीत नुसता बसून असतो, पोटात तो आंबूस वास घेऊन.

एवढंच सांगतो बाबांनो, कोणाचं घर जवळून बघायला आलात, तर आधी हात धुऊन या.