तीन पायऱ्यांचा कठडा

आपल्या हातचं पहिलं वेल्डिंग पाहून फूटपट्टीला शिसारी आली. खिडकीच्या कठड्यावर कबुतरांनी आठवडाभर घाण करावी आणि ती वाळून जावी, तसं ते दिसत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली आणि तिने पदर नाकाला लावला.

"शी! हे काय गं? झुरळांनी अंडी घातलीत जशी!"

"आई, पहिलंच आहे."

"पहिलंच असू दे. बाबा याला धरणारेत, लक्षात आहे ना?"

ते विसरणं शक्यच नव्हतं. महिन्यापूर्वी बाबा मागच्या तीन पायऱ्यांवरून घसरले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शनिवारी ते घरी यायचे होते. "पायऱ्यांना कठडा लागेल, आणि तो तूच कर," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. कारण साधं होतं: ही पोरगी मोजल्याशिवाय चहात साखरसुद्धा घालत नाही. घरात तिचं नाव फूटपट्टी पडलं होतं ते उगाच नव्हे. रसायनशास्त्राची पदवी हातात आल्यावर तर ती जास्तच फूटपट्टी झाली होती.

मैत्रिणीकडून मिग वेल्डिंगचं मशीन आणि गॅसचा सिलिंडर आला. स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत तिने मांड ठोकली. बटण दाबलं की हातातल्या टॉर्चमधून, म्हणजे वेल्डिंगच्या नळीतून, तार आपोआप पुढे सरकते, टोकाशी वितळते, आणि तारेभोवती सुटणारा गॅस त्या वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात जळक्या रंगाचा वास घशाशी येई, शिंतोडे बुटांवर चिकटत, आणि नाक शिंकरलं की रुमाल काळा होई. तो रुमाल ती चिमटीत धरून बादलीत टाकायची.

दुसऱ्या दिवशी धूर स्वयंपाकघरात शिरला. आईने दूध ओतून दिलं, बडबड करत टेबलफॅन आणला आणि दारात ठेवून फुल्ल सोडला. "जाऊ दे तुझी घाण बाहेर!"

त्या दिवसापासून वेल्डिंगला भोकं पडायला लागली. बारीक, काळी, किडलेल्या दाढेसारखी. फूटपट्टीने वही काढली. व्होल्टेज, तारेचा वेग, टॉर्चचा कोन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा तिचा नियम. बावीस तुकडे झाले, बावीसही किडके. वहीत पंख्याचा रकाना नव्हता. पंखा आईचा होता, प्रयोगाचा नव्हता.

गुरुवारी तिचा धीर सुटला. खांब आणि तळपट्ट्या तिने तशाच जोडल्या, ग्राइंडरने घासून गुळगुळीत केल्या, उरलेल्या भोकांत पुट्टी भरली आणि वरून काळा रंग दिला. दादाने कठडा पायऱ्यांवर बोल्टांनी घट्ट बसवला आणि लांब जाऊन पाहिलं.

"वा! विकत आणलाय असं वाटतंय."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण जेवताना तिच्या बोटांना पुट्टीचा वास येत राहिला आणि ती अर्ध्या ताटावरून उठली.

शुक्रवारी सकाळी आईने बाबांच्या खोलीसाठी पंखा नेला. उरलेला एक तुकडा म्हणून फूटपट्टीने सहज जोडून पाहिला, तर आवाजच वेगळा! फटफट नाही, एकसारखं चरचरणं. शिंतोडे होतेच, जाडी वेडीवाकडी होतीच. पण मधोमध कापला तर आत एकही भोक नाही. ती रिकाम्या दाराकडे पाहत राहिली. पंख्याने चार दिवस धुराबरोबर गॅसही उडवला होता, आणि वितळलेल्या लोखंडात हवा शिरून भोकं पडली होती.

म्हणजे बाहेरचा तो देखणा कठडाही आतून किडलेला होता. आता शंकेला जागाच नव्हती.

ती हातोडा घेऊन मागच्या दारी गेली. दादा पायरीवर चहा पीत, कठड्याला रेलून बसला होता.

"दादा, ऊठ."

"वेडी झालीस का? उद्या बाबा येतायत. रंग लावलाय, आता गप्प बस. आत काय आहे ते कोणाला दिसतंय?"

"तू ऊठ आधी."

तो उठला. तिसऱ्या घावाला खांब तळपट्टीपासून सुटला. दादा वाकला, आणि कपातला उरलेला चहा त्याने झाडाला ओतला. आत लोखंड कमी, पोकळ्या जास्त. पुट्टीचा पांढुरका लगदा मधूनमधून दातांत अडकल्यासारखा.

"याला मी टेकलो होतो?" तो म्हणाला.

"मी टेकू दिलं."

स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. त्या पहिल्या घाणेरड्या तुकड्याने निदान काही लपवलं नव्हतं.

दिवसभर तिने सगळे सांधे कापून, साफ करून पुन्हा जोडले. दारं-खिडक्या उघड्या, तोंडावर धुराचा मास्क, पंखा नाही. नंतर दादा आणि ती प्रत्येक खांबाला लोंबकळले, हातोडे मारले. एकही खांब हलला नाही. दादाने ग्राइंडर पुढे केला.

"नको. रंग देते, पण घासणार नाही आणि पुट्टीही नाही. जसं आहे तसं दिसू दे."

शनिवारी बाबा काठी टेकत मागच्या दाराशी आले. त्यांनी खाली खांबाच्या बुडाशी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोण थुंकलंय इथे?"

"मी," फूटपट्टी म्हणाली. "पण आतून भरीव आहे. असाच जोडलेला तुकडा कापून पाहिलाय, कठडा ठोकून पाहिलाय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या गाठींकडे.

"किळसवाणं आहे," ते म्हणाले, काठी तिच्या हातात दिली आणि सगळा भार कठड्यावर टाकून पहिली पायरी उतरले.