भाकरीचा बिबट्या

धम्मदीपाला घरातल्या वस्तूंतून गमती करायचा नाद होता. फोनवर तिनं किसणीची उंच इमारत केली होती, झाऱ्याचा चंद्र केला होता. असं चित्र स्टेटसला ठेवायचं, खाली लिहायचं, 'ओळखा पाहू?', आणि कॉलेजातल्या मैत्रिणींची उत्तरं वाचत हसायचं.

त्या सकाळी तिच्या हातून ज्वारीची भाकर करपली. काळे डाग पाहून तिला सुचलं. दुमडलेली भाकर म्हणजे पाठ, चण्याच्या डाळीचे दोन दाणे म्हणजे डोळे, केरसुणीच्या काड्या म्हणजे मिशा. ते सगळं तिनं घरच्याच तुरीच्या फोटोत बसवलं आणि स्टेटसला ठेवलं. निरखून पाहिलं तर भाकर, ओझरतं पाहिलं तर बिबट्या.

दुपारी तोच फोटो गावाच्या ग्रुपवर आला. 'ओळखा पाहू' कुणीतरी कापून टाकलं होतं. वर लिहिलं होतं, 'किन्हीराजा शिवारात वाघ! बायांनी वावरात जाऊ नये.' गावात बिबट्यालाही वाघच म्हणत.

तिला आधी हसूच फुटलं. 'अहो, भाकर आहे ती,' असं तिनं लिहिलं. पण मेसेज धडाधड येत होते, तिचं वाक्य वर सरकून गेलं. मग एकानं लिहिलं, 'हे तं जानरावची तूर. बांधावरची वाकडी बाभूळ दिसून राह्यली.'

जानराव म्हणजे तिचे वडील. ते शेलूबाजारला गेले होते. तुरीत आई एकटीच गवत कापत होती, आणि तिच्याजवळ फोन नव्हता.

धम्मदीपा अनवाणीच पळत सुटली.

बांधावर पोचली तेव्हा वीस-पंचवीस माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन 'वाघ, वाघ' ओरडत उभी होती. पुढे शेजारच्या वावराचा जगदेव, हातात धोंडा.

"जगदेवकाका, थांबा! वाघ नाही थो. म्याच बनवला, भाकरीचा!"

"मांगं सर पोरी! तूर हालून राह्यली, दिसत नाही काय तुले?"

तूर खरंच हलत होती.

"माही माय हाये तिथं!"

"माय असती तं आवाज नसता देल्ला तिनं?"

धम्मदीपानं हाक मारली. "माय! वो माय!" उत्तर आलं नाही. जगदेवनं धोंडा भिरकावला. आत कुठंतरी तो धप्पकन पडला आणि तूर हलायची थांबली.

वाघ नाही, हे त्या सगळ्यांत तिला एकटीला ठाऊक होतं. तरी क्षणभर वाटलं, असला तर? आई बोलत का नाही?

ती तुरीत शिरली. मागून कुणीतरी ओरडलं, "मारू नका रे, पोरगी गेली अंदर!" डोक्यापेक्षा उंच झाडं, शेंगा तोंडावर आपटत होत्या. पायाखाली काहीतरी मऊ लागलं आणि ती किंचाळली. ते कापलेलं गवत होतं.

पुढे एका सरीत तिची आई, पंचफुला, अंगाचं मुटकुळं करून बसली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. खांद्यातून रक्त वाहत होतं.

"चूप," ती कशीबशी पुटपुटली. "वाघ हाये. लोकायनं इकडंच हाकलला त्याले. आवाज केला तं येईन."

"वाघ नाही वो माय. नाहीच हाये."

पंचफुलाला उठवेना. लेकीनं तिला काखेत धरून बाहेर आणलं. जगदेवनं दोघींना पाहिलं आणि तो मटकन बांधावर बसला. धम्मदीपानं सगळ्यांना सकाळचे सुटे फोटो दाखवले. भाकर, डाळ, काड्या. कुणी हसलं नाही. "असे खेळ असतेत काय?" एक म्हातारा म्हणाला. जगदेव तेवढा म्हणाला, "धोंडा म्याच मारला ना," आणि पंचफुलाला दवाखान्यात न्यायला त्यानं गाडी काढली.

जखमेला टाके पडले. धम्मदीपानं ग्रुपवर खुलासा टाकला, सुट्या फोटोंसकट. दुसऱ्या दिवशी तेच चित्र मंगरूळपीरकडून आलं, दुसऱ्याच गावाच्या नावानं. तिथंही तिनं कळवलं. पण आणखी कुठं कुठं गेलं असेल, या विचारानं तिची झोप उडाली.

खांदा भरून आला तरी पंचफुला वावरात जायला धजेना.

"माय, भाकर होती ना थे. पाह्यली ना तू?"

"पाह्यली वो. मले समजते. पण भेव जात नाही, त्याले काय करू?"

मग कॉलेज सुटलं की धम्मदीपा आईसोबत जाऊ लागली. ती पुढे, आई मागे, लेकीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून. तुरीत सळसळ झाली की दोघीही जागीच थांबत.