नुसती शोभेची नक्षी

आमच्या ह्यांनी जन्मात कशाला ‘छान दिसतं’ म्हटलं नाही. लग्नात मला नाही, पुढे लेकीला नाही. त्यामुळे कारखान्याचे वकीलसाहेब जेव्हा ह्यांना म्हणाले, “लायसाहेब, सुनावणीत एवढंच सांगायचं, की टायरवरची ही नक्षी छान दिसावी म्हणून काढली,” तेव्हा मला हसू आवरेना. “अहो, आधी माझ्यावर सराव करा,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.

स्कूटरच्या टायरची ती नक्षी ह्यांची. मधोमध वळत जाणारी खाच आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेले फाटे. हे नोकरी करतात तो युआनलिनचा कारखाना तिच्यावरच चालतो. तिची नोंदणी मालकांनी कधीच करून घेतली होती. तरी काओ यूशिनने तीच नक्षी उचलून आपल्या टायरवर काढली. मालकांनी दावा लावला, तर हा उलट अर्ज घेऊन उभा, की मुळात नोंदणीच रद्द करा! यूशिन ह्यांचाच चेला. माझ्या हातचा भात आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मटण खाऊन शिकला. खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्याने.

वकीलसाहेबांनी कायदा समजावला. अशी नोंदणी फक्त दिसण्याला मिळते. खाच कामासाठीच तशी आहे असं ठरलं, तर ती कुणीही काढावी.

“आणि मग कारखाना?” मी विचारलं. मालक चहाच्या पेल्यात बघत बसले.

तैपेईला सुनावणीला मीही गेले. यूशिनला चार शब्द सुनवायचेच होते. पण आधी तोच अधिकारी बाईंसमोर बोलायला उठला. चोराने इतकं कौतुक करावं?

“उस्तादांनी एक रेघ शोभेसाठी काढली नाही, बाई. काचेवर पाणी ओतून वरून टायर फिरवायचे आणि आम्हाला खालून बघायला लावायचे, पाणी कुठून पळतं ते. एकदा मी एक देखणा फाटा काढला, तर बोटांवर पट्टी बसली. म्हणाले, ‘पावसात घसरणाऱ्याला तुझी कला बघायला वेळ आहे का रे, गाढवा?’ ही नक्षी पाण्यानेच काढलीय. दुसरी निघूच शकत नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. सगळं खरं होतं. त्या काचेखाली डोकं घालून मीसुद्धा पाहिलं होतं.

अधिकारी बाईंनी ह्यांना विचारलं, “पाणी बाहेर टाकायला ही नक्षी अशी आहे का?”

हे उभे राहिले. “नाही. पाणी कसल्याही खाचेतून जातं. वळण मला आवडलं. छान दिसतं.”

“आणि तो काचेचा प्रयोग?”

“आठवत नाही.”

आवाज जरासुद्धा कापला नाही. शरमेने माझे मात्र कान तापले. त्या खाचांच्या बढाया ऐकून एवढी वर्षं मी विटले होते. त्या दिवशी वाटलं, त्यातली एक तरी मारा हो, कारखाना गेला तर गेला.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी ह्यांचा हात दाबला. “जिंकलो म्हणून समजा!”

तेवढ्यात यूशिन आला. ह्यांच्यासमोर वाकला, नेहमी वाकायचा तसाच. मला म्हणाला, “काकू, बऱ्या आहात ना?” मग ह्यांच्याकडे वळला.

“उस्ताद, खटल्याचं सोडा. चोरी केली, भरपाई देईन. पण माझ्याकडे आता पोरं शिकतात. त्यांना मी काच दाखवतो. ते बरोबर शिकवतोय ना?”

ह्यांनी तोंड उघडलं. वकीलसाहेब शेजारीच उभे होते.

“वकीलसाहेबांना विचार,” हे म्हणाले.

यूशिन तरीही पुन्हा वाकला. तो मान वर करायच्या आत मी पर्समध्ये घराच्या किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या लेकीकडे होत्या, हे मला चांगलं माहीत होतं.