डावीकडून सैल

"माझी मेणबत्ती ज्या दिवशी सैल निघेल ना, त्या दिवशी मला सरळ डॉक्टरकडे न्यायचं. चहा घेता का म्हणून विचारत बसायचं नाही," आत्या म्हणाल्या होत्या. मी हसले. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या, आमच्याकडेच राहणाऱ्या. स्वतःच्या हातांच्या बढाया मारणं ही त्यांची करमणूक. त्यातलीच ही एक, असं मी धरून चालले.

मेणबत्त्या वळायला त्यांनीच मला शिकवलं. मधमाशीच्या मेणाचा पातळ पत्रा गरम पाण्याच्या पिशवीवर टाकून मऊ करायचा, कडेला वात ठेवायची, कड दुमडून ती घट्ट पकडायची आणि मग दोन्ही तळव्यांनी सारखा जोर देत पुढे न्यायचं. मला ते जमायचं नाही. लेक तान्ही, सतत डाव्या कुशीत. त्यामुळे डाव्या तळव्याला जोर कुठून येणार? मेणबत्ती डावीकडून सैल सुटायची आणि टोकाशी कर्ण्यासारखी उघडायची.

"अगं, सतरंजी गुंडाळतेस की काय? हा बघ, कर्णा झाला. आता यातून भाषण ठोक!"

दोघींच्या मेणबत्त्या एकाच खोक्यात जायच्या. तिथेच घात झाला.

थंडी पडली तसे खोक्यातले कर्णे वाढले. मला लाज वाटायची. आत्या आंघोळीला गेल्या की मी ते निवडून काढायचे, पत्रे हलकेच उलगडायचे आणि पुन्हा वळून ठेवायचे. एकदा त्या मध्येच बाहेर आल्या.

"कुणाच्या गं त्या?"

"माझ्याच की. आणखी कुणाच्या असणार?"

त्या टॉवेलने कान पुसत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हं. शिकशील हळूहळू."

मी काळजीखोर बाई. लेक झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते. "तू हिची आई आहेस की पहारेकरी?" असं नवरा चिडवतो. मग लेकीला ताप आला आणि तो पूर्ण उतरेपर्यंत मी मेणाला हातसुद्धा लावला नाही. नंतर खोकं उघडलं, तर अगदी वरच कर्णे. एक उचलून मी तशीच उभी राहिले. मनात काहीतरी टोचलं. तेवढ्यात लेक रडायला लागली. जुन्याच असतील, खालच्या वर आल्या असतील, असं म्हणून मी झाकण लावलं.

पुढच्याच आठवड्यात आत्यांच्या हातून कप निसटला आणि पाठोपाठ त्या स्वतः खुर्चीवरून खाली आल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला लहान लहान झटके आधीच येऊन गेले असावेत. "डाव्या हातातली ताकद कमी होतेय, हे घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" नवरा म्हणाला, "नाही." माझ्या डोळ्यांपुढे खोक्यातले ते वरचे कर्णे आले.

आत्या आता घरी आहेत. बोलताना अडखळतात, डावा हात उचलून मांडीवर ठेवावा लागतो. काल मी न राहवून विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना, त्या सैल मेणबत्त्या तुमच्या होत्या ते?"

"कळलं होतं. पण तू म्हणालीस 'माझ्याच', आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, असतील बाई हिच्याच."

"आत्या!"

"ओरडू नकोस. पोरगी उठेल."

नंतर आम्ही लेकीला चटईवर ठेवून पत्रा मांडला. उजव्या बाजूला त्यांचा तळवा, डाव्या बाजूला माझा. मेणबत्ती दोन्ही टोकांना घट्ट आणि मधोमध फुगीर निघाली. "अजगराने ससा गिळलाय," आत्या म्हणाल्या. मी हसले, पण डोळे पुसायला मला आत जावं लागलं.

तुमच्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं एकच काम हाताने करत असेल. शिवत असेल, विणत असेल, रोज दाढी करत असेल. त्यांचं आजचं काम जरा निरखून बघा. फरक दिसला तर माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून झाकण लावू नका. आता हे वाचणं ठेवा, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आपले दोन्ही हात पुढे करून म्हणा, "दाबा बघू, दोन्हीकडून सारखे."