बटणांच्या डब्यातली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी गोळी आहे. चघळायची नव्हे, औषधाची. आखडलेले स्नायू सैल करणं हे माझं काम. माझ्याबद्दल बरंच वाईट बोललं गेलं आहे. 'हिच्यामुळेच झालं सगळं' म्हणून माझ्याकडे बोटं दाखवली गेली आहेत. म्हणून आज मी माझी बाजू मांडणार आहे, आणि मान खाली घालून मुळीच मांडणार नाही. तशी मला मानच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरी भुकटी, यंत्राचा एक दणका, की मी गोल गरगरीत होऊन बाहेर! मग बहिणींबरोबर एका चंदेरी पट्टीत बंद झाले. पट्टीच्या पाठीवर आमचं नाव, मुदतीची तारीख आणि सूचना छापलेल्या होत्या. ते नाव म्हणजे आमची सगळी अब्रू. नाव गेलेली गोळी म्हणजे नुसता पांढरा ठिपका. ती कशाची आहे हे देवालाच ठाऊक.

मी आले एका कटिंग मास्तरांसाठी. शिलाईच्या दुकानात कापडाचा जड तागा उचलताना त्यांच्या कंबरेत अशी उसण भरली, की मास्तर वाकले ते वाकलेलेच राहिले. शिवणाऱ्या बायका आधी हसल्या. मास्तर चेष्टेखोर, त्यांना वाटलं सोंग करताहेत. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा कुठे मशिनी थांबल्या.

डॉक्टरांनी मला लिहून देताना बजावलं होतं, "मास्तर, ही थोडेच दिवस घ्यायची. सांगितली तेवढीच. एकीने भागलं नाही म्हणून दुसरी तोंडात टाकायची नाही. हिने झोप येते, गरगरतं. गाडी चालवायची नाही, मशीनवर बसायचं नाही, दारूचा थेंब नाही. आणखी कुठलं औषध चालू असेल तर आत्ताच सांगा."

"कात्री धरू ना?"

"नाही."

"मग करू काय दिवसभर?"

"शेक घ्या, पडून राहा, जरा जरा चाला. गोळी काही तुमच्या वतीने चालणार नाही."

मास्तरांनी ऐकलं. पहिल्या दिवशी ते खुर्चीत बसल्या बसल्या असे डुलले, की चहाचा कप मांडीवर सांडला. पण हळूहळू स्नायूंचा पीळ सुटला आणि मास्तर पुन्हा ताठ उभे राहिले. सगळे म्हणाले, जादूची गोळी! खोटं कशाला बोलू, मला ऐकायला गोड वाटलं. पण जादूबिदू काही नव्हती. शेक होता, विश्रांती होती, आणि वेळेवर घेतलेल्या माझ्या बहिणी होत्या.

उसण गेली आणि आम्ही काही जणी उरलो. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मास्तरांच्या बायकोला, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांच्या वहिनींना, काही टाकवत नाही. आणि अख्खं ठेवलेलंही बघवत नाही. जन्म कात्री चालवण्यात गेलेला. साबणाची वडी आणली की कर्र, टॉवेल आणला की कर्र. आमची पट्टी बटणांच्या डब्यात मावेना, तेव्हा वहिनींनी तिचेही तुकडे केले. एकेक गोळी सुटी. आमचं नाव मधोमध चिरलं गेलं. अर्धं माझ्या पाठीवर आलं, अर्धं माझ्या शेजारणीच्या. त्याच डब्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. त्याही तशाच सुट्या, तशाच चंदेरी. कोटाच्या आणि सदऱ्याच्या बटणांत आम्ही सगळ्या पडून राहिलो. एका बाईने तर मला टिकली समजून फ्रॉकला लावून पाहिलं!

मग एका दुपारी वहिनींचा धाकटा भाऊ आला. तो शाळेची व्हॅन चालवतो. गल्लीत वळायच्या आधीच त्याचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून सगळे त्याला पिपाणी म्हणतात. मान एका बाजूला धरलेली, त्यात सर्दी-खोकला.

"काय रे, कुणाकडे वाकडा बघत बसला होतास?" वहिनी म्हणाल्या.

"ताई, चेष्टा पुरे. मान वळत नाही. शाळा सुटायच्या आत काहीतरी दे."

"ह्यांची गोळी आहे की! कंबरेला लागू पडली ती मानेला पडणार नाही होय?"

त्यांनी न बघता डब्यात हात घातला. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण गोळीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? माझी शेजारीण त्याच्या पोटात गेली. त्याने सकाळपासून गुंगी आणणारं खोकल्याचं औषधही घेतलं होतं. ते त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

बाकावर बसून तो शाळा सुटायची वाट बघत होता. निघायची वेळ झाली तशी उठला आणि कपड्यांच्या कपाटालाच किल्ली लावू लागला. मास्तरांनी वर पाहिलं.

"अरे, ते कपाट आहे. व्हॅन बाहेर आहे."

"तेच ते, दाजी," पिपाणी म्हणाला. जिभेला जाड अस्तर लावल्यासारखे त्याचे शब्द येत होते. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डब्याकडे पाहिलं. मास्तरांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"द्या इकडे! शाळा सुटेल, पोरं फाटकात उभी राहतील!"

"राहू देत. उभी राहिलेली पोरं घरी आणता येतात."

"माझ्या पोटावर पाय देता?"

"दे शिव्या. किल्ली मिळणार नाही."

वहिनींनी शाळेला फोन केला. शाळेने दुसरा ड्रायव्हर पाठवला. इकडे पिपाणी भिंतीला टेकून घसरत खाली बसला, आणि हलवल्याशिवाय डोळे उघडेना. डॉक्टरांनी फोनवर पहिलं विचारलं, "कुठली गोळी दिली? नाव वाचा."

वहिनींनी डबा भराभरा चाळला. अख्खं नाव कुठल्याच तुकड्यावर नव्हतं. कंबरेची होती की सासूबाईंची? "त्याला घेऊन या, डब्यासकट," डॉक्टर म्हणाले. "खाल्लेल्या गोळीचा कागदही आणा."

बाकाखाली पडलेलं रिकामं चंदेरी चिटोरं सापडलं. शेजाऱ्यांच्या गाडीत भावाचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी सारख्या त्याच्या नाकाशी बोट धरत होत्या. दवाखान्यात मास्तरांनी डबा टेबलावर पालथा केला. चौकडीच्या कापडाच्या दोन बाजू जुळवतात तसं ते चिटोरं एकेका तुकड्याला लावून बघू लागले. पहिला जुळेना. दुसरा जुळेना. मग मला लावलं. कात्रीची तिरकी कड कडेला चिकटून बसली आणि अर्ध्या नावाला अर्धं नाव मिळालं.

"स्नायूंचीच आहे!" वहिनी रडू लागल्या.

"बरं झालं कळलं. पण खोकल्याच्या औषधाबरोबर नको होती," डॉक्टर म्हणाले. पिपाणीचा श्वास, नाडी, रक्तदाब तपासत त्यांनी त्याला तिथेच ठेवून घेतलं. तो नीट जागा झाला तेव्हा खिडकीबाहेर संध्याकाळ झाली होती. पहिला प्रश्न त्याने विचारला, "पोरं पोचली?"

पोचली होती.

दोन-चार दिवसांनी तो पुन्हा दारात हजर! "ताई, मान अजून धरलीच आहे. आज व्हॅन नाही चालवायची. एक दे ना."

"नाही."

"सख्ख्या भावाला नाही म्हणतेस?"

"सख्खा आहेस म्हणूनच. डॉक्टरांना मान दाखव, खोकल्याचं औषध दाखव. ते सांगतील ते घे."

पिपाणी तोंड पाडून डॉक्टरांकडे गेला. तेवढ्याने माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला विष म्हणू नका. जादूही म्हणू नका. मी एका माणसासाठी, एका दुखण्यापुरती, थोड्या दिवसांची असते. माझं नाव माझ्या अंगावर राहू द्या. घरातलं कुणी प्रेमाने दुसऱ्याची गोळी पुढे करू लागलं, तर तुम्ही लहान असलात तरी मोठ्याने विचारा, 'ही कुणासाठी आहे?' रागावतील, रागावू देत.

आज वहिनी मला औषधाच्या दुकानात परत द्यायला निघाल्या आहेत. तिथून मला नष्ट करायला पाठवतील. "एवढी चांगली गोळी वाया चालली," असं एक शिवणारी बाई हळहळून म्हणाली. बाई, वाया कोण चाललंय? कधी कधी कुणाच्याही पोटात न जाणं हेच माझं काम असतं, आणि ते मी आज ताठ मानेने करायला निघाले आहे.