धागा तोडणारा दात

मित्रांनो, मी एक जुना, अजून कामावरून न सुटलेला दात आहे. वरच्या ओळीत, अगदी समोर, डावीकडचा. अनुसयाबाई सात वर्षांच्या होत्या तेव्हा मी उगवलो. आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि मी थकलो आहे.

लोकांना वाटतं, दात हिरडीतून वर आला की झाला तयार. तसं नसतं. बाहेरचं पांढरं कवच तेवढं तयार होऊनच येतं; ते एकदा झिजलं की गेलं. पण त्याच्या आत दंतिनाची पिवळसर भिंत असते आणि तिला आतून लागून बारीक पेशींची एक रांग उभी असते. त्या पेशी म्हणजे माझे गवंडी. दात उगवल्यावरही ते जन्मभर भिंत बांधतच राहतात, सावकाश, आतल्या बाजूने. मधल्या खोलीत माझी नस राहते. बांधकाम आत आत सरकत असल्यामुळे खोली दर वर्षी लहान होते. गवंड्यांनाही त्याच खोलीत राहायचं आहे. तरी बांधतात.

त्यांची आणखी एक रीत आहे. भिंत बांधता बांधता ते तिच्यात चिठ्ठ्या पुरून ठेवतात. डॉक्टर लोक त्यांना वाढघटक म्हणतात. बाहेरून भिंत झिजली की या चिठ्ठ्या सुटतात आणि आत पोचतात. मजकूर एकच असतो: 'झीज सुरू आहे, इथे जाड बांधा.' अक्षर गवंड्यांचं स्वतःचंच. त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

माझ्या गवंड्यांना चिठ्ठ्या फार आल्या. अनुसयाबाई मूळच्या उमरेडच्या विणकर. नागपुरात आल्या त्या माग घेऊनच. सूत तुटलं की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दाताने कट्‌कन तोडायचं. तो दात मी. चाळीस वर्षांत माझ्या कडेला खाच पडली. येणारे-जाणारे साडीच्या काठाची तारीफ करत. माझ्याकडे पाहून एका बाईंनी फक्त विचारलं होतं, "पडल्या होत्या का कुठं?"

यंदा मला थंड पाणी झोंबू लागलं.

"पाडून टाक वं," अनुसयाबाईंचे यजमान चंपतराव म्हणाले. "मी सारेच पाडले. दुखते का मले काही?"

"तुमी भाकर दुधात कालवून खाता. मागावरची साडी अर्धीच झाली. हा गेला त धागा का तुमच्या कवळीनं तोडू?"

तरी पाडायच्या तयारीनेच दोघं जरीपटका भागातल्या दातांच्या दवाखान्यात गेले. चिठ्ठ्या बाहेरून आत येतात; आतून बाहेर 'मी जिवंत आहे' असा निरोप द्यायचा तर कसा, ते मला कळेना.

डॉक्टर श्वेता यांनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला.

"काकू, हा जिवंत आहे. खाचेच्या बरोबर मागे आतून भिंत जाड झाली, म्हणून नस वाचली. पाडायचा नाही. मी खाच भरून देते. पण या दाताने आता धागा तोडायचा नाही. पुन्हा झिजला तर आतलं बांधकाम पुरायचं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"बरं," अनुसयाबाई म्हणाल्या. "आराम करू दे त्याले."

एक्कावन्न वर्षांत माझ्याबद्दल हा शब्द कोणी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मागावर सूत तुटलं. अनुसयाबाईंनी गाठ मारली. धागा ओठापर्यंत आला आणि थबकला. त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. त्या शब्दाला पक्क्या आहेत. त्यांनी धागा जरासा उजवीकडे सरकवला आणि कट्‌.

मित्रांनो, आम्ही आतून बांधतो म्हणून आम्हाला बाहेरून वाटेल तसं झिजवू नका. धाग्याला कात्री वापरा. आणि एका दाताला आराम देताना शेजारच्यालाही एकदा विचारा. माझा हा शेजारी माझ्याच वर्षी उगवला. आजवर तो फक्त हसताना दिसायच्या कामावर होता. आज त्याचे गवंडी मला विचारत आहेत, हे काम तात्पुरतंच आहे ना?

मला सांगवत नाही.