दांडीवरचं वजन

"दांडी अजून जरा वर घ्या आबा. हां. आता सोडा हळूच," काट्याजवळ उकिडवी बसलेली सृष्टी म्हणाली.

आप्पासोनं ट्रेलरची दांडी सोडली. काट्यावर उभ्या केलेल्या लाकडी ओंडक्यावर ती टेकली. काटा सांगलीच्या जवाहरशेठचा, गुळाच्या ढेपा तोलायचा. शेठ तो स्वतः टेंपोत घालून घेऊन आले होते. ट्रेलरवर गावानं नवीन घेतलेली फायबरची बोट होती, मागं मोटार बसवलेली. गावच्या बचाव पथकाचा पावसाळ्याआधीचा सराव कोयनानगरला ठरला होता आणि दुपारच्या आत निघायचं होतं.

"बावीस किलो," सृष्टी म्हणाली. तिनं मान वर केली ती बापाकडं नाही, चुलत्याकडं. "काका, कमी हाय न्हवं?"

"लयच कमी," दिग्विजय म्हणाला. "बोट, मोटार, ट्रेलर मिळून सहाशेच्या वर जातंय. त्याचा दहावा हिस्सा तरी दांडीवर पडाय पाहिजे. आता उलाळ हाय, मागं जड. असंच नेलं तर ट्रेलर मागं शेपटीगत वळवळणार, आन् घाटात जीपलाच वढणार."

"उलाळ असती तर माझ्या हाताला कळलं असतं," आप्पासो म्हणाला. "जलम गेला ट्रॉल्या करण्यात. एक ट्रॉली कवा मोजली न्हाई."

"दादा, ट्रेलर तुझा बरोबरच हाय. मोटार नंतर आली, तिचं वजन मागं पडलं. बोट जरा पुढं घिऊ."

हे समजुतीचं बोलणंच आप्पासोला सोसत नव्हतं. भाऊ भांडला असता तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं.

दिग्विजय त्याच्याहून बराच लहान. आप्पासोनं इस्लामपूरच्या रस्त्याला शेड टाकून उसाच्या ट्रॉल्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा धाकटा फौजेत गेला. महापुरानं गावाला वेढा घातला तेव्हाही तो लांब सीमेवरच होता. गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील आप्पासोनं पाण्यात ढकलली आणि बांबूनं रेटत म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून बाहेर काढलं. पुढं दिग्विजय सुभेदार होऊन परत आला. गावानं पथक उभं केलं तेव्हा प्रमुख तोच झाला. फेटा त्याला, शाल त्याला. त्या दिवशी आप्पासो मंडपात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

तेवढं त्यानं गिळलं असतं. पण सृष्टी पथकात गेली आणि घरात 'काका म्हणत्यात' सुरू झालं. दोराची गाठ काका म्हणत्यात तशी. पहाटेचं पळणं काका म्हणत्यात तेवढं. जेवताना पाणी कधी प्यायचं, हेसुद्धा काकांनीच सांगितलेलं. आप्पासोला घास गोड लागेनासा झाला होता.

बोट अडवायला पुढं लावलेला लोखंडी थांबा त्यानं कापून काढला. भावाभावांनी मिळून बोट वीतभर पुढं ओढली. तेवढ्यात घरातून चहा आला. जवाहरशेठनं बशीत चहा ओतत सृष्टीला विचारलं, "एवढ्या पाण्यात जातेस, भ्या वाटत न्हाई व्हय गं?"

"वाटायचं की. काकांनी घालवलं."

आप्पासोचा कप ओठाशी तसाच राहिला. पाठीला रिकामा कॅन बांधून या पोरीला विहिरीत पोहायला त्यानं शिकवलं होतं. ती रडायची, गळ्याला मिठी मारायची, आणि तो एकेक बोट सोडवून तिला पाण्यावर ठेवायचा. ते सगळं हिच्या लेखी झालंच नव्हतं काय?

चहा झाल्यावर परत वजन करायचं ठरलं. आप्पासोनं दांडी ओंडक्यावर टेकवली, पण तळहात वरच राहू दिला. नुसता राहू दिला नाही, थोडा भार टाकला.

दिग्विजयनं वाकून आकडा वाचला. "बासष्ट. बास, जमलं."

आप्पासोनं हात काढून घेतला. त्याला काही कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. इस्लामपुरात पोचेपर्यंत ट्रेलर दोनचारदा वळवळावा, चौकातल्या लोकांनी बघावं आणि सुभेदाराच्या मोजमापाला हसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. सृष्टी बाकीच्या पोरांबरोबर पथकाच्या टेंपोतून पुढं जाणार होती. जीपमध्ये दिग्विजय एकटाच असणार होता.

त्यानं थांबा नव्या जागी पक्का जोडला. पट्टे आवळून झाले. पथकातली पोरं टेंपोत चढली. सृष्टीनं टेंपोच्या फळीला हात घातला, तोच दिग्विजयनं तिच्याकडं जीपची किल्ली फेकली.

"आज तू चालवायचीस."

"मी? घाटातबी?"

"घाटातबी. पुराच्या दिवशी मी नसलो तर कोण चालवणार? मी हाय शेजारी."

सृष्टी नाचतच जीपमध्ये बसली. टेंपो निघून गेला. जीप मागं आली, दांडी हुकात बसली. वाटेतल्या पाटणच्या पुढच्या उतारावर आप्पासोनं स्वतः एकदा ट्रॉली आडवी झालेली बघितली होती. सृष्टीनं इंजिन चालू केलं.

"थांबा!" तो ओरडला. "उतर खाली. परत एकदा मोजा."

"आवं आबा, आता तर मोजलं. आन् सकाळधरनं तुमीच नको म्हणताय."

"मोजा म्हणतो न्हवं मी!"

दिग्विजय जीपमधून उतरला. तो भावाच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर खाली, भावाच्या हाताकडं गेली आणि तिथून झटकन निघाली.

"दादा म्हणतोय तर मोजू," तो म्हणाला.

दिग्विजयनं दांडी हुकातून काढून ओंडक्यावर टेकवली. या वेळी आप्पासो दोन पावलं लांब उभा राहिला.

"चाळीस," सृष्टी म्हणाली. "असं कसं? मघाशी बासष्ट हुतं की!"

कुणी काही बोलायच्या आत दिग्विजय म्हणाला, "फरशी उतरती हाय हितली. काटा कललेला असंल."

ती फरशी आप्पासोनं स्वतः पाणसळ लावून केली होती, आणि सुट्टीवर आलेल्या दिग्विजयनंच तिला सिमेंट वाहिलं होतं. ती किती सपाट आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

थांबा परत कापला. बोट आणखी पुढं आली. काट्यावर पासष्ट भरलं, तेव्हा आप्पासोनं थांबा कायमचा जोडला आणि हातोडीनं ठोकून ठोकून बघितला.

"आबा, तुमी अडवलं म्हणून बरं," सृष्टी त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "काकांच्या ध्यानात आलं न्हाई, तुमच्या आलं. घाटात काय झालं असतं वो?"

"बापाचं काळीज हाय ते," जवाहरशेठ म्हणाले.

महिनोन् महिने जे शब्द ऐकायला तो झुरत होता, ते आले होते, तेही भावाच्या तोंडावर. आप्पासोला मान वर करता येईना. तो चाकाशी वाकला आणि घट्टच असलेला नट उगीच पान्यानं आवळत बसला.

दिग्विजय त्याच्याजवळ येऊन टेकला. आप्पासो हळूच म्हणाला, "दिग्या, मघाशी मी..."

"असू दे दादा." त्यानं आवाज चढू दिला नाही. "तू बस तिच्या शेजारी. मी मागनं मोटरसायकलनं येतो."

म्हणजे इथंही हाच मोठा झाला. मनातला हेवा पुन्हा वर आला. भावाला नावं ठेवायलाही आता जागा उरली नव्हती, तरी तो जात नव्हता. पुढची सीट मोकळी होती. कोयनेपर्यंत लेकीच्या शेजारी बसून जाता आलं असतं.

"न्हाई," आप्पासो उठत म्हणाला. "वाटंत तिला काय इचारायचं झालं तर तूच पायजेस. मला त्यातलं काय कळतंय? जावा तुमी."

जीप शेडातून बाहेर पडून उसामधल्या रस्त्याला लागली. ट्रेलर जराही न डुलता तिच्या मागं चालला होता. आप्पासो बांधापर्यंत चालत आला. पुढं अरुंद मोरी होती. तिथं सृष्टीनं वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं काढून मागं बघितलं. आप्पासोनं हात वर केला.

ती ट्रेलरचं चाक बघत होती. ते मोरीच्या कठड्याला न लागता नीट पार झालं, तेव्हा तिनं डोकं आत घेतलं.